गोव्यातलं हॉटेल बुकिंग रद्द केलं. पैसे किती परत मागता येतात?

नमस्कार ताई,

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सगळं तिला धरून बोलता येईल. तुम्ही सांगलीच्या. कांदोळीतल्या एका हॉटेलात २८ डिसेंबर ते १ जानेवारी, अशा चार रात्रींसाठी तीन खोल्या तुम्ही ॲपवरून बुक केल्या. एका खोलीचा दर रात्रीला ८,००० रुपये. म्हणजे भाड्याचे ९६,००० आणि १८ टक्क्यांनी जीएसटीचे १७,२८०, असे एकूण १,१३,२८० रुपये आगाऊ भरले. १६ डिसेंबरला सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला, मिरजेला दाखल करावं लागलं आणि १७ तारखेला तुम्ही बुकिंग रद्द केलं. ॲपवर ‘परतावा: शून्य’ असं आलं. ॲपवाले म्हणतात, धोरण हॉटेलचं आहे. हॉटेल म्हणतं, पैसे ॲपकडे भरलेत, तिकडेच बोला. कायद्याने काही मिळतं का, हा तुमचा मुख्य प्रश्न. पैसे दिरांच्या कार्डावरून गेलेत, मग तक्रार कोणाच्या नावाने करायची, हा दुसरा.

मिळतं. सगळे पैसे परत येतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही, पण शून्य हे उत्तर तुम्ही मान्य करू नका.

मी बारा वर्षं कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या हॉटेलांत रिझर्व्हेशनचं टेबल सांभाळलं. नंतर वकिलीची सनद घेतली, आणि आता पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात कधी पाहुण्याकडून, कधी हॉटेलवाल्याकडून उभी राहते. दोन्हीकडचं पाहिलेलं असल्यामुळे पहिली गोष्ट सांगते ती कायद्याची नाही, आणि ती तुम्हाला या चार-पाच दिवसांतच करावी लागेल.

रोज सकाळी आणि रात्री, त्याच ॲपवर, त्याच हॉटेलच्या, त्याच तारखांच्या, त्याच प्रकारच्या खोल्या शोधा. काय दिसतं त्याचा स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि वेळ पडद्यावर दिसली पाहिजे. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरही पाहा. ‘सोल्ड आउट’ दिसलं तर तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. खोली ८,००० ऐवजी १२,००० ला दिसली तर तोही. २८ तारीख उजाडली तरी, ३१ च्या रात्रीपर्यंत हे थांबवू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाला हॉटेलच्या व्हॉट्सॲप नंबरवर सरळ विचारायला सांगा की ३० तारखेला खोली आहे का. स्वतःच्या खऱ्या नावानेच विचारा. ‘सॉरी, फुल आहे’ असं लेखी उत्तर आलं की तुमचं निम्मं काम झालं.

का, ते सांगते. तुम्ही ॲपवर ‘रद्द करा’ दाबलंत तेव्हा हॉटेलात काय झालं असेल, ते मी शेकडो वेळा पाहिलंय. टेबलावरच्या संगणकावर लाल रंगाची ओळ येते. चॅनेल मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर त्या तीन खोल्या आपोआप मोकळ्या म्हणून सगळ्या ॲपवर परत टाकतं. काही मिनिटांचं काम. कोणाला फोन करावा लागत नाही, काही लिहावं लागत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असं मोकळं झालेलं काही तासभरसुद्धा पडून राहत नाही. मला एक ३० डिसेंबर आठवतो. रात्रीचे दहा वाजून गेले होते. एका कुटुंबाचं बुकिंग संध्याकाळीच रद्द झालं होतं, त्यांचे पूर्ण पैसे आमच्याकडे जमा होते. तेवढ्यात दाबोळी विमानतळाहून उशिरा आलेलं एक जोडपं बॅगा घेऊन काउंटरवर उभं राहिलं. मॅनेजरने दुप्पट दर सांगितला, त्यांनी दिला, आणि तीच किल्ली मी त्यांच्या हातात ठेवली. एका रात्रीसाठी एकाच खोलीचे पैसे दोघांकडून घेतले गेले. पहिल्या कुटुंबातल्या बाईचा दुसऱ्या दिवशी फोन आला. मला सांगायला लावलेलं वाक्य मी सांगितलं: ‘नॉन-रिफंडेबल आहे मॅडम.’ ते वाक्य आजही मला बोचतं. कायदा शिकायला गेले त्याच्या कारणांपैकी ते एक.

आता कायदा. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं करारात लिहिलेलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती ‘वाजवी’ भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. तेवढी रक्कम आपोआप खिशात घालण्याची ती परवानगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे मांडलं, आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात आणखी स्पष्ट केलं: जिथे नुकसान मोजता येण्यासारखं आहे, तिथे ते सिद्ध करावं लागतं. ज्याचं नुकसान झालंच नाही त्याला भरपाई नाही. हॉटेलच्या खोलीचं नुकसान मोजायला काय अवघड आहे? त्या रात्री खोली रिकामी राहिली की गेली, आणि गेली तर कितीला, हे त्यांच्या संगणकात एका बटणावर आहे.

म्हणून तुमच्या प्रकरणात प्रश्न एकच धरून ठेवायचा. ‘धोरण काय होतं’ यावर ते तुम्हाला ओढत नेतील. तुम्ही विचारत राहायचं: माझ्यामुळे तुमचं नुकसान किती झालं? आणि गोव्याच्या सीझनमधली उलटी गोष्ट अशी की रद्द करण्याच्या अटी सगळ्यात कडक असतात त्या नाताळ ते नववर्षाच्या दहा-बारा दिवसांत, आणि रद्द झालेली खोली सगळ्यात सहज विकली जाते तीही त्याच दिवसांत. जुलैच्या पावसात कोणी रद्द केलं तर ती खोली खरोखर रिकामी राहते, पण तेव्हा हीच हॉटेलं चोवीस तास आधीपर्यंत फुकट रद्द करू देतात.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याच्या कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करार’ म्हणजे काय ते दिलंय. ग्राहकाने करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीच्या मानाने पूर्णपणे अवाजवी दंड लावणं हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. पण इथे एक मेख आहे आणि अनेक जण तिथे अडखळतात. अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि त्यावर राष्ट्रीय आयोगाला दिलाय, जिल्हा आयोगाला नाही. तुम्ही जिल्ह्यात तक्रार लावून त्यात फक्त ‘अनुचित करार’ एवढंच लिहिलंत, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढेल. म्हणून मांडणी ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ अशी करायची. एकतर्फी अटी ग्राहकावर लादणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या प्रकरणात म्हटलं आहे. ते प्रकरण फ्लॅटचं होतं, पण तत्त्व तुमच्या कामाचं आहे.

समोरून काय येईल तेही ऐकून ठेवा. ते सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा भारती निटिंगचा निकाल काढतील: मान्य करून सही केलेली अट ग्राहकावर बंधनकारक असते. आणि म्हणतील की या बाईंनी ‘नॉन-रिफंडेबल’ वाचून, टिक करून पैसे भरले. हा मुद्दा पोकळ नाही. अशा अटींवर बोट ठेवून तक्रार फेटाळणारे आदेशही झालेत. म्हणून तुमच्या बुकिंगच्या वेळी पडद्यावर नेमकं काय होतं ते महत्त्वाचं. ॲपवर दोन दर होते का, एक रद्द करता येणारा थोडा महाग आणि एक न येणारा स्वस्त? दोन्ही दिसत असताना तुम्ही स्वस्त घेतला असेल, तर तुमची बाजू थोडी पातळ होते, कारण त्या अटीच्या बदल्यात तुम्हाला सवलत मिळाली. पण त्या तारखांना एकच दर होता, तोही नेहमीपेक्षा चढा, आणि दुसरा पर्यायच नव्हता, तर सवलतही नाही आणि निवडही नाही. हे तक्रारीत ठळक लिहा. आणि अट तुम्हाला पैसे भरल्यानंतर, व्हाउचरच्या पीडीएफमध्ये पहिल्यांदा दिसली असेल, तर ती करारात शिरलीच नाही असं म्हणता येतं. गंमत म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्याला हा नियम ज्या जुन्या इंग्लिश खटल्यातून शिकवतात तो हॉटेलचाच आहे, १९४९ चा. काउंटरवर करार झाला, आणि जबाबदारी झटकणारी पाटी मात्र खोलीत लावलेली. न्यायालयाने ती पाटी मोजली नाही.

हॉटेलच्या बाजूनेही एक शब्द बोलते, कारण मी त्यांच्याही फायली लढवते. शिवोली किंवा हणजुणेला सहा खोल्यांचं घरगुती गेस्टहाउस चालवणारं कुटुंब त्या बारा दिवसांच्या कमाईवर पावसाळा काढतं. ३० तारखेला संध्याकाळी कोणी तीन खोल्या सोडल्या आणि त्या भरल्या नाहीत, तर त्यांचं खरं नुकसान होतं, आणि तेव्हा त्यांनी पैसे ठेवले तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. तुमचं तसं नाही. तुम्ही अकरा दिवस आधी कळवलंत. हॉटेलला परत विकायला अकरा दिवस मिळाले, तेही वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या तारखांसाठी. करार कायद्याच्या कलम ७३ चं स्पष्टीकरण सांगतं की नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते मार्ग हाताशी होते हेही पाहायचं. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते, परतावा शून्य दिसला तरी बुकिंग लेखी रद्द करा. बरेच लोक ‘पैसे तर गेलेच’ म्हणून गप्प बसतात आणि हॉटेल त्यांना ‘नो-शो’ म्हणून नोंदवतं. न आलेल्या पाहुण्याची खोली हॉटेलने रात्रभर अडवून ठेवली असेल, तर मग नुकसानही दाखवता येतं. तुम्ही तसं केलं नाहीत, ते फार बरं झालं.

सासऱ्यांच्या आजारपणाचं काय, असं तुम्ही विचारलंय. मन दुखेल, पण खरं सांगते. आजारपण हे पूर्ण परताव्याचं कारण आहे असं कायद्यात कुठेही नाही. खोली तयार होती, हॉटेल उघडं होतं, अडचण आपल्याकडची. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे बंद पडली, तेव्हाही असेच फोन आले होते. रेल्वेने रद्द गाडीच्या तिकिटाचे पैसे दिले, पण गाडी आली नाही म्हणून हॉटेलचा करार संपत नाही. याउलट मार्च २०२० मध्ये सरकारी आदेशानेच हॉटेलं बंद झाली, तेव्हा हॉटेलला खोली देणंच अशक्य होतं. तिथे करार कायद्याचं कलम ५६ लागतं आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेले पैसे परत करावे लागतात. मग रुग्णालयाची कागदपत्रं निरुपयोगी का? नाही. दाखल केल्याचा कागद आणि डिस्चार्ज समरी जोडा. तुम्ही लहरीने रद्द केलं नाही हे त्यातून दिसतं, आणि हॉटेलचा मालक माणूस असतो, आयोगाचे सदस्यही माणसंच असतात. फक्त तुमची मागणी त्या कागदावर उभी करू नका. ती ‘खोल्या परत विकल्या गेल्या’ यावर उभी करा.

किती मागायचं? माझा सल्ला, एका रात्रीचं भाडं सोडा आणि बाकीचं मागा. तीन खोल्यांची एक रात्र २४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२०, म्हणजे २८,३२० हॉटेलने ठेवावेत आणि ८४,९६० परत द्यावेत. पूर्ण रक्कम मागायला कायदा आडवा येत नाही, पण वाजवी आकडा घेऊन गेलेल्या माणसाचं पहिल्या पानापासून ऐकलं जातं. पाच लाख मनस्तापाचे, दोन लाख खर्चाचे, असं लिहून आणलेल्या तक्रारी मी पाहते. मूळचा खरा मुद्दा त्या आकड्यांखाली दबून जातो.

या हिशोबातली जीएसटीची गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे हॉटेलं सर्रास चुकतात. अर्धं भाडं परत देतात आणि जीएसटी मात्र सगळा ठेवतात. म्हणतात, तो सरकारकडे भरला. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार हॉटेलने ठेवून घेतलेल्या रद्दीकरण शुल्कावर खोलीला लागतो त्याच दराने कर लागतो. म्हणजे कर फक्त ठेवून घेतलेल्या रकमेवर. बाकीच्या रकमेसाठी हॉटेल क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढून आपल्या हिशोबात तो कर वळता करून घेऊ शकतं, त्यामुळे ‘सरकारकडे गेला’ हे उत्तर चालत नाही. त्यांनी काहीही ठेवलं तरी त्याचं करासकट बिल मागा. बिल मागितलं की आकडे बरेचदा आपोआप खाली येतात.

ॲप आणि हॉटेल एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यावर उपाय म्हणजे दोघांनाही एकाच ईमेलमध्ये घ्यायचं. ॲपवर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० लागू आहेत. प्रत्येक ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. ग्राहकसेवेच्या चॅटमध्ये अडकून पडू नका, थेट या अधिकाऱ्याला लिहा. त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. ई-कॉमर्स कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर तितकंच शुल्क स्वतः सोसत नसेल, तर तिने ग्राहकाकडून रद्दीकरण शुल्क घेऊ नये. ॲप म्हणेल, शुल्क आमचं नाही, हॉटेलचं. मग विचारा, माझ्या १,१३,२८० पैकी हॉटेलला किती पोचले आणि तुमच्याकडे किती राहिले? या एका प्रश्नावर ॲपच्या उत्तरांचा सूर बदलताना मी पाहिलाय.

ईमेल लांब नको. साधारण असा: ‘बुकिंग क्रमांक अमुक. १७ डिसेंबर रोजी, मुक्कामाच्या अकरा दिवस आधी, रद्द केले. कारणाची कागदपत्रे जोडली आहेत. रद्द केल्यानंतर त्याच खोल्या पुन्हा विक्रीस ठेवल्याचे व विकल्या गेल्याचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. एका रात्रीचे भाडे व त्यावरील जीएसटी वजा करून ८४,९६० रुपये पंधरा दिवसांत मूळ खात्यात जमा करावेत. आपले प्रत्यक्ष नुकसान याहून अधिक असल्याचे म्हणणे असल्यास २८ ते ३१ डिसेंबरचा ऑक्युपन्सी रिपोर्ट (कोणत्या रात्री कोणत्या खोल्या भरल्या त्याचा अहवाल) पाठवावा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. पुढे आयोगात गेल्यावर हाच रिपोर्ट हजर करायला लावण्याचा अर्ज देता येतो, कारण कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. आधी लेखी मागूनही दिला नाही, हे तेव्हा उपयोगी पडतं.

हॉटेल बहुधा तारीख बदलून द्यायची तयारी दाखवेल. ते वाईट नाही, सासरे बरे झाल्यावर तुम्हाला यायचंच असेल तर घ्याही. पण आधी विचारा: किती महिन्यांत वापरायचं, कोणत्या तारखा वर्ज्य, आणि फेब्रुवारीत खोली ५,००० ला असेल तर उरलेले पैसे मिळतात की बुडतात? हे लेखी घ्या. आणि ‘सर्व हक्क निकाली’ अशा अर्थाच्या मजकुरावर ‘ओके’ पाठवू नका. तो एक शब्द पुढे तुमच्याविरुद्ध वाचून दाखवला जातो. ॲपने पैसे त्यांच्या वॉलेटमध्ये टाकतो म्हटलं तर मूळ कार्डावरच हवेत असं कळवा. परतावा ‘पाठवला’ म्हणतील आणि दिसणार नाही, तेव्हा त्या परताव्याच्या व्यवहाराचा एआरएन क्रमांक मागा. त्यावरून बँक तो शोधून देते. कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे झालेला व्यवहार बँकेमार्फत उलटवून घेणं, मागण्याचा मार्गही आहे, पण अट आधी दाखवलेली असेल तर बँक सहसा नकार देते. हॉटेलने खोलीच दिली नाही, किंवा कबूल केलेला परतावा आला नाही, अशा वेळी तो चांगला चालतो.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. माझा अनुभव असा की मोठी ॲप इथे हलतात, छोटी हॉटेलं फारशी नाही. गोव्यातलं हॉटेल १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं, त्यामुळे पणजीला पाट्टोवरच्या पर्यटन खात्यालाही एक प्रत पाठवा. परताव्याचा आदेश मिळवण्याची जागा ती नव्हे, पण नोंदणीवर डाग लागू नये असं हॉटेलला वाटतं.

त्यानंतर जिल्हा आयोग. यासाठी तुम्हाला पर्वरीला यायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे सांगलीतच. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही, आणि सुनावणी व्हिडिओवर घ्या असा अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची, पण तोवर थांबू नका, कारण ॲपवरचे जुने दर आणि चॅट तोवर दिसेनासे होतात. हॉटेल आणि ॲप दोघांना विरुद्ध पक्ष करा. हॉटेलचं पाटीवरचं नाव आणि मालक कंपनीचं नाव अनेकदा वेगळं असतं, खरं नाव जीएसटी बिलावर मिळेल. नोटीस मिळाल्यावर त्यांना लेखी उत्तराला ३० दिवस आणि वर फार तर १५ दिवस मिळतात. ४६ व्या दिवशी आलेलं उत्तर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून टाकलंय. स्क्रीनशॉटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. ज्या फोनवर घेतले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की नणंदेच्या मैत्रिणीला मोरजीत ३० तारखेला पोचल्यावर ‘ओव्हरबुकिंग झालं’ म्हणून परत पाठवलं होतं. ते प्रकरण तुमच्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. करार हॉटेलने मोडला. पूर्ण पैसे, आणि त्या रात्री दुसरीकडे जे जास्त मोजावे लागले तो फरक, दोन्ही मागता येतात. दुसऱ्या हॉटेलचं बिल आणि टॅक्सीची पावती लागेल, आणि खोली नाकारल्याचा एखादा लेखी मेसेज. दोन वर्षं झाली नसतील तर त्यांना कळवा.

आणि पैसे हॉटेलला किंवा ॲपला न जाता कुणाच्या वैयक्तिक खात्यात गेले असतील, जसं व्हिलाचे सुंदर फोटो दाखवून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांच्या बाबतीत होतं, तर वरचं काहीच लागू नाही. ती फसवणूक आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, तासाभराचा उशीरही महाग पडतो.

राहिला दिरांच्या कार्डाचा प्रश्न. कायद्यातली ग्राहकाची व्याख्या पैसे देणाऱ्यापुरती नाही. त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच असतो. बुकिंग तुमच्या नावावर आहे, तेव्हा तक्रार तुम्ही करू शकता. तरी वाद नको म्हणून तुम्ही आणि दीर दोघं तक्रारदार व्हा, दोघांच्या सह्या घ्या, आणि त्यांच्या कार्डाच्या स्टेटमेंटचं ते एक पान जोडा, ज्यावर १,१३,२८० ची नोंद आहे. बाकीचे व्यवहार झाकून टाकले तरी चालतात.